तारेच्या टोकाचं गाव: डारा वादळाचा एक प्रकरण अभ्यास

७ डिसेंबर २०२४, शनिवार. पहाटे ३ ते सकाळी ११ या वेळेसाठी ब्रिटनच्या हवामान खात्याने वेल्सच्या पश्चिम आणि दक्षिण किनारपट्टीला वाऱ्याचा लाल इशारा दिला होता. असा इशारा इथे क्वचितच निघतो. आदल्या संध्याकाळी वेल्स आणि नैऋत्य इंग्लंडमधल्या सुमारे ३० लाख लोकांच्या मोबाइलवर सरकारी सूचना सायरनसारखी वाजली. डारा नावाचं ते वादळ आलं, गेलं, आणि पुढचे काही दिवस बातम्यांत हॉलीहेड बंदर होतं. तिथल्या धक्क्याचं इतकं नुकसान झालं की आयर्लंडला जाणाऱ्या फेरीबोटी जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथून सुटू शकल्या नाहीत आणि नाताळची पार्सलं अडकून पडली.

मी लिहिते आहे ते बातमीत न आलेल्या एका गावाबद्दल. पश्चिम वेल्समधल्या टायवी नदीच्या खोऱ्यात, लँपिटर आणि लँडिसिल या लहान बाजारगावांच्या मधल्या उतारावर हे गाव विखुरलेलं आहे. मध्ये एक चॅपल म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनामंदिर, त्याला लागून वेस्ट्री म्हणजे सभेची खोली, थोडी घरं, आणि बाकी सगळी शेतांवरची वस्ती. आम्ही इथेच राहतो. शनिवारी पहाटे गेलेली वीज आमच्या बाजूला पुढचा आठवडा अर्धा उलटून गेल्यावर आली. गावाचं आणि माणसांची नावं देत नाही, पण बाकी काही लपवत नाही.

हे मराठीत लिहायचं कारण सरळ आहे. इथल्या सरकारी आरोग्यसेवेत नोकरी लागून येणारी मराठी कुटुंबं आता वेल्सच्या अगदी आतल्या भागातही येतात. माझ्या नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्हीही तसेच आलो. ही मंडळी घर बघायला लागली की मला फोन करतात. भाडं किती, शाळा कशी, थंडी सोसते का, आपल्या भाज्या कुठे मिळतात, सगळं विचारतात. पाणी कुठून येतं आणि वीज गेली तर घरातलं काय काय बंद पडतं, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. वेल्सच्या खेड्यात घर घेताना पहिला प्रश्न हाच असायला हवा.

घर कशावर चालतं

आमची काउंटी, म्हणजे जिल्हा, केरेडिग्यॉन. २०२१ च्या जनगणनेत इथे सुमारे ७१,५०० लोक होते, दहा वर्षांपूर्वीपेक्षा जवळजवळ ६ टक्के कमी. तरुण शिकायला बाहेर जातात, त्यातले बरेच परत येत नाहीत. ४५ टक्के लोकांना वेल्श येते आणि आमच्या गावात तर दुकानापासून गोठ्यापर्यंत तीच चालते. अंतरं नकाशावर लहान दिसतात. प्रत्यक्षात एका गाडीपुरता रस्ता, दोन्ही बाजूंना माणसाहून उंच मातीचे बांध, त्यावर झाडोरा, आणि समोरून ट्रॅक्टर आला की मागे मागे जात रुंद जागा शोधायची. ॲबरिस्टविथ ते कार्मार्दन रेल्वे होती. डिसेंबर १९६४ च्या पुरात रूळ खचले आणि १९६५ मध्ये प्रवासी गाड्या कायमच्या बंद झाल्या. आता त्या मार्गावर बस धावते, पण आडवाटेच्या वस्तीतून त्या बसपर्यंत पोचायलाच गाडी लागते.

पाइपचा गॅस अशा गावांत नाही. घरं तापवायला रॉकेल जाळतात. आपल्याकडे रेशनवर मिळायचं तेच, फक्त इथे टँकर येऊन अंगणातल्या हिरव्या प्लास्टिकच्या टाकीत ओतून जातो. साधारण पाचशे लिटरच्या खाली कोणी आणून देत नाही, म्हणून शेजारी मिळून एकदम मागणी नोंदवतात. पाणी आमच्याकडे बोअरचं. खाली सबमर्सिबल मोटर, वर प्रेशरची टाकी, मग गाळणी आणि जंतू मारणारा अतिनील दिवा. मैला सेप्टिक टँकमध्ये जातो. स्वयंपाक विजेच्या शेगडीवर. मोबाइलला घरात रेंज नाही, म्हणून फोन वाय-फायवरून लागतो.

आता हे सगळं एकत्र ठेवून बघा. टाकीत हजार लिटर रॉकेल असलं तरी बॉयलरचा बर्नर, गरम पाणी फिरवणारा पंप आणि टायमर विजेवर चालतात. पाणी जमिनीखाली आहे, पण मोटर विजेवर. फोन वाय-फायवर, वाय-फाय राउटरवर, राउटर विजेवर. पाच वेगवेगळ्या सोयी वाटतात त्या प्रत्यक्षात एकाच दोन तारांवर लटकलेल्या असतात.

तीनदा आली, मग गेली

वादळाच्या दोन आठवडे आधी, २३ आणि २४ नोव्हेंबरला, बर्ट नावाचं वादळ येऊन गेलं होतं. त्याने दक्षिणेत पाँटिप्रीदमध्ये पूर आणला आणि आमच्याकडची जमीन पार भिजवून ठेवली. भिजलेल्या मातीत मुळांची पकड सैल होते. त्यात डाराचा वारा वायव्येकडून आला. इथली झाडं जन्मभर नैऋत्येच्या वाऱ्याला तोंड देत वाढलेली असतात, त्यांची मुळं आणि झुकाव त्याच बेताने बसलेले असतात. वारा दुसऱ्या बाजूने आला की वर्षानुवर्षं टिकलेलं झाडही आडवं होतं. आणि ॲश नावाच्या झाडाला इथे बुरशीचा रोग लागलेला आहे. बांधांवर ही झाडं रांगेने उभी असतात, वरून शेंडे सुकलेले, आतून ठिसूळ. त्यांना पडायला फार जोर लागत नाही.

पहाटे दिवे मंद झाले, गेले, आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. तिसऱ्यांदाही आले आणि मग कायमचे गेले. याला कारण आहे. ११ हजार व्होल्टच्या तारेवर फांदी घासली तर लाइन आपोआप बंद होते आणि काही क्षणांनी स्वतःच पुन्हा चालू होऊन बघते. फांदी उडून गेली असेल तर वीज टिकते. काही प्रयत्नांनंतरही दोष तसाच राहिला तर यंत्र लाइन कुलूपबंद करतं आणि मग माणूस तिथे पोचल्याशिवाय ती चालू होत नाही. गावातले जुने लोक दिवे किती वेळा मिचकावले यावरून सांगतात की झाड तारेला नुसतं शिवलंय की तारेवरच पडलंय. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने सकाळी फाटकापाशी मला सांगितलं, “हे लवकर येणार नाही. तुम्ही बादल्या भरून ठेवल्यात का?” बादल्या भरलेल्या होत्या, टबही भरलेला होता. हवामान खात्याचा इशारा वाचून आदल्या रात्री आम्ही तेवढं केलं होतं.

आमची पाळी शेवटी का आली

याचं उत्तर समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले. त्यात कोणाचा दुष्टपणा नाही, आणि म्हणूनच ते जास्त खुपतं.

मुख्य लाइन खोऱ्यातून मोठ्या गावांकडे जाते. तिच्यापासून लाकडी खांबांवरून दोन तारांच्या फांद्या डोंगरात शिरतात. फांदीच्या टोकाला खांबावर एक लहान ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आपल्याकडे ज्याला गावात डीपी म्हणतात तो. एका डीपीवर तीन-चार घरं, कधी एकच शेत. वादळानंतर वीजवाले आधी मुख्य लाइन उभी करतात, कारण एका दुरुस्तीत हजारो घरं उजळतात. मग मोठ्या फांद्या. मग लहान. एका टोळीचा अख्खा दिवस खर्चून चार घरं उजळणार असतील तर ती चार घरं यादीत शेवटीच येणार. हिशेब बरोबर आहे. पण तोच हिशेब प्रत्येक वादळात लावला की तीच चार घरं प्रत्येक वेळी शेवटी येतात. आणि तिथेच राहणारी माणसं जास्त म्हातारी, जास्त एकटी असतात. त्यांच्या पाण्याचीही सोय विजेवरच असते.

दुरुस्ती तरी कशी करायची? फांदीची लाइन रस्त्याकडेने जात नाही, शेतांमधून आणि ओढ्यांवरून सरळ जाते. चिखलात गाडी रुतते. आमच्या बाजूला खांब मोडला होता तो ओढ्याच्या पलीकडे, तिथपर्यंत ट्रॅक्टरशिवाय जाता येत नव्हतं. प्रत्येक खांबावर माणसाच्या उंचीला नंबराची पट्टी असते. खालच्या शेतावरच्या मुलाने लांब उभं राहून दुर्बिणीतून तो नंबर वाचला आणि लिहून घेतला. खाली लोंबणारी तार मेलेली दिसली तरी जिवंत असू शकते, म्हणून जवळ जायचं नाही हे इथल्या पोरांना लहानपणापासून शिकवलेलं असतं. पोस्टल कोड इथे कैक शेतांना मिळून एकच असतो आणि नकाशाचं ॲप पाहुण्याला हमखास भलत्याच गोठ्यात नेऊन उभं करतं. त्यामुळे मोडलेल्या खांबाचा नेमका पत्ता म्हणजे तो नंबर. अडचण एकच होती, तो नंबर कळवायचा कुठून.

फोन

वीज गेली की १०५ हा फुकटचा नंबर लावायचा. लावणार कशावर?

जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनला घरची वीज लागत नसे. एक्स्चेंजमधून तारेतूनच सुमारे ५० व्होल्ट यायचे आणि एक्स्चेंजला बॅटऱ्या असायच्या, त्यामुळे अंधारातही फोन चालायचा. ती तांब्याची सेवा देशभर बंद होते आहे. आधी २०२५ अखेरची मुदत होती, आता ती ३१ जानेवारी २०२७ आहे. नवा फोन राउटरमधून बोलतो. वीज गेली की राउटर गेला, राउटर गेला की फोन गेला. फोन कंपन्यांवरच्या नियामक संस्थेचा नियम असा आहे की ज्याला लँडलाइनशिवाय दुसरा उपाय नाही, त्याला वीज गेल्यावर निदान एक तास तरी तातडीचा फोन लावता येईल अशी सोय कंपनीने द्यावी. एक तास! शहरातल्या घरासाठी हे पुरेसं असेल, तिथे वीज तासाभरात येते. डोंगरातल्या माणसासाठी या नियमाचा काय उपयोग, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

मोबाइलचं म्हणाल तर आमच्या खोलगट भागात एरवीही सिग्नल नसतो. टेकडीवरच्या फाटकापाशी एखादी दांडी मिळते. वादळानंतर तीही गेली, कारण टॉवरला वीज लागते आणि त्याच्या बॅटऱ्या काही तासांच्या असतात. शुक्रवारची ती सायरनवाली सूचनासुद्धा वाय-फायवरून येत नाही, ४जी किंवा ५जी टॉवरवरूनच येते. म्हणजे ज्या घरांना तिची सर्वात जास्त गरज होती तिथे ती वाजलीच नाही. लँपिटरला किराणा आणायला गेलेल्यांच्या खिशात वाजली आणि त्यांनी येताना वाटेवरच्या घरांची दारं ठोठावून सांगितलं.

माझं माहेर दापोलीजवळ. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं तेव्हा आमच्याकडे कैक दिवस अंधार होता. नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, कौलं उडाली, नुकसानीचा आकडा वेल्सच्या मानाने कितीतरी मोठा. पण आजीच्या वेळचा आड होता, त्यावर रहाट होता, मागीलदारी चूल होती. विजेची मोटर आली तरी रहाट कोणी काढून टाकला नव्हता. मला या दोन्ही वादळांची तुलना नुकसानीत करायची नाही. इथे, इतक्या श्रीमंत देशात, प्रत्येक नवी सोय आली तेव्हा जुनी उपटून टाकली गेली, आणि ते काढणारे हजार किलोमीटर नसले तरी तीनशे किलोमीटर लांब बसलेले होते. पुन्हा सुरू व्हायला जिथे सर्वात जास्त वेळ लागतो, तिथेच दुसरी सोय शिल्लक ठेवलेली नाही.

कॉयरची वही

आता मला ज्याच्यासाठी हे सगळं लिहायचं होतं ते.

आमच्या गावात कॉयर, म्हणजे एकत्र गाणाऱ्यांचा संघ, आहे. दर आठवड्याला एका संध्याकाळी वेस्ट्रीत तालीम. डिसेंबरात नाताळच्या गाण्यांची घाई असते. बाहेरून येणाऱ्याला हा छंद वाटतो. वेळ घालवायला बरा, पर्यटकांना ऐकवायला गोड. मीही गेले ती गाण्यासाठीच. इथे कैक जुने गायक स्टाफ नोटेशन म्हणजे पाच रेघांवरची स्वरलिपी वाचत नाहीत, सोल-फा वाचतात, डो रे मी च्या अक्षरांत लिहिलेलं. डो कोणत्याही पट्टीत धरायचा. षड्ज हवा तिथे लावून गाणाऱ्या माणसाला हे पहिल्याच दिवशी कळतं आणि अल्टोच्या, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाच्या, रांगेत मला जागा मिळाली ती त्यामुळेच. याच टायवी नदीच्या मुखाशी, कार्डिगनच्या किल्ल्यात, ११७६ मध्ये लॉर्ड रीस याने कवी आणि वादकांची स्पर्धा भरवली होती, आणि आइस्टेथव्हॉडची, म्हणजे वेल्श गाण्या-कवितांच्या स्पर्धेची, परंपरा लोक तिथपासून मोजतात. गावातली मुलं अजून चॅपलमध्ये उभी राहून कविता म्हणतात, परीक्षक प्रत्येकाला चार शब्द सांगतात, आया खुर्चीच्या कडेला बसलेल्या असतात. मला वाटतं या भागात माणसं एकमेकांना ओळखतात ती शेजारामुळे कमी, कारण शेजार मैलभर लांब असतो. ती ओळखतात या तालमींमुळे.

कॉयरच्या चिटणीस बाईंकडे एक वही आहे. चौकटीची, कडक पुठ्ठ्याची. त्यात सभासदाचं नाव, शेताचं नाव, घरचा फोन, आणि पुढे एक रकाना: तालमीला कोण कोणाच्या गाडीतून येतं. रात्री अरुंद रस्त्यावर गाडी चालवायला नको वाटणाऱ्या वयस्कर मंडळींना कोणी ना कोणी आणून सोडतं, त्याची ही नोंद. कोणाला गुडघ्याचा त्रास, कोणाचा कुत्रा अनोळख्याला चावतो, कोणाची किल्ली कुठल्या दगडाखाली, हे त्या बाईंच्या डोक्यात.

शनिवारी दुपारी वारा उतरला तसा त्यांनी वेस्ट्रीचा दरवाजा उघडला. मोबाइलचे ग्रुप मेलेले होते, तेव्हा ती वही टेबलावर उघडी ठेवली. गाडी जाऊ शकेल त्या प्रत्येकाने आपल्या रांगेतल्या घरांना जायचं, म्हणजे ज्याला एरवी तालमीला आणतो त्याच्याकडे. जाऊन आल्यावर वहीत नावापुढे खूण करायची आणि काय हवंय ते लिहायचं. पाणी. इन्सुलिन थंड ठेवायला जागा. सरपण. एका आजींकडे विजेवर चालणारं ऑक्सिजनचं यंत्र होतं आणि जोडीला एक जादा सिलिंडर. तो किती वेळ पुरेल याचा अंदाज करून अंधार पडायच्या आत त्यांना मुलीकडे, वीज असलेल्या गावात हलवलं. डिसेंबरात इथे चार वाजून गेले की अंधार, तेव्हा घाई करावीच लागते. वीज कंपनीकडेही अशा गरजू ग्राहकांची नोंदवही असते आणि आजींचं नाव तिच्यात होतं. पण त्या नोंदवहीतून येणारा फोन यायला फोन चालू असावा लागतो.

वेस्ट्रीतली शेगडी जुनी, सिलिंडरवरची. तिच्यावर मोठं पातेलं चढलं. इथे मेंढीच्या मटणाचा, गाजर, बटाटा, स्वीड आणि लीक घालून पातळसर रस्सा करतात, त्याला कौल म्हणतात, दुसऱ्या दिवशी तो जास्त चांगला लागतो. फ्रीझर वितळत होते, त्यामुळे मटणाला तोटा नव्हता. ज्याच्या घरी जे वितळलं ते त्याने आणलं. मी तूरडाळ आणि लसणीची फोडणी घातली एका दिवशी, आणि मागून दोनदा वाढून घेणाऱ्या शेतकऱ्यांनी त्यात मेंढी का नाही एवढंच विचारलं. दुकानातलं कार्डाचं यंत्र बंद होतं. बँकेच्या शाखा मिटत गेल्यामुळे लोकांकडे रोख फारशी नसते. दुकानदार बाईंनी उधारीची वही काढली.

खांबाचा तो नंबर याच वहीच्या मागच्या पानावर लिहिला गेला आणि लँपिटरकडे जाणाऱ्याने तिथून कळवला. एकच निरोप, नंबरासकट. प्रत्येक घराने आपापला अर्धवट निरोप देण्यापेक्षा याचा उपयोग झाला असं नंतर आलेल्या लाइनमननेही सांगितलं.

वाईट वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. ही वेस्ट्री विकायची चर्चा वर्षभर चालू होती. चॅपलला येणारे मोजकेच उरलेत, छत गळतं, विम्याचा हप्ता परवडत नाही. वेल्समध्ये अशी चॅपलं सुटीतली घरं होऊन बसलेली पावलोपावली दिसतात. कागदावर या खोलीचं उत्पन्न जवळपास शून्य आहे. तिच्यात आठवड्यातून एकदा गाणं होतं, महिन्यातून एकदा बायकांचं मंडळ भरतं, हिवाळ्यात तरुण शेतकऱ्यांचा क्लब नाटक बसवतो. असल्या खोलीची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची?

गोठा

आणखी एक जागा जवळून बघण्यासारखी आहे, कारण तिथे दुसरी सोय ठेवलेली होती.

खालच्या शेतावर दुभत्या गायी आहेत. गायीला वीज गेल्याचं कारण सांगता येत नाही. दोन वेळा दूध काढलं नाही तर कास ताठते, दगडी होते, गाय तापाने बसते. म्हणून या शेतकऱ्याकडे पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, चालणारा जनरेटर आहे. ट्रॅक्टर मागे लावायचा, पीटीओचा शाफ्ट जनरेटरला जोडायचा, एंजिन अशा वेगावर धरायचं की शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे फिरेल. त्याआधी भिंतीवरचा जाड खटका खाली ओढायचा. तो महत्त्वाचा. तो खटका शेताची वायरिंग बाहेरच्या लाइनपासून तोडतो. तसं केलं नाही तर जनरेटरची वीज उलटी डीपीतून तारेत जाते, तिथे तिचे ११ हजार व्होल्ट होतात आणि लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेला माणूस जिवाला मुकतो. शेतकऱ्याने तो खटका मला हात लावून दाखवला, त्यावर तांबड्या रंगाने वेल्शमध्ये लिहिलेलं आहे, आणि नातवंडांनाही तो कसा ओढायचा हे शिकवलेलं आहे.

व्हॅक्यूम पंप सुरू झाला, गायी रांगेने आल्या. दूध थंड करणाऱ्या टाकीलाही हीच वीज. प्रश्न होता टँकरचा. टँकर आला नाही आणि टाकी भरली तर दूध ओतून द्यावं लागतं. रस्त्यावर झाडं पडली होती. काउंटीची माणसं मोठ्या रस्त्यांवर गुंतलेली. मग ज्यांच्याकडे चेनसॉ होता आणि चालवायचं शिक्षण झालेलं होतं त्यांनी खोडं कापली, टेलिहँडलरने, म्हणजे लांब हाताच्या उचलयंत्राने, ओढून बाजूला केली, आणि जिथे तार झाडात अडकली होती तिथे कोणीही हात लावला नाही. टँकर पोचला. एका दिवसाचं दूध मात्र गेलं, आणि त्यावर तो माणूस फार काही बोलला नाही, फक्त टाकी धुताना नेहमीपेक्षा जास्त वेळ धूत राहिला.

त्याच जनरेटरवर मग दर संध्याकाळी आजूबाजूचे फोन, कंदील आणि एकाचं श्रवणयंत्र चार्ज होत असे. गोठ्यात बोअरची मोटरही चालू असल्यामुळे लोक डबे घेऊन पाण्याला येत. म्हणजे गाव त्या दिवसांत तीन गोष्टींवर चाललं: गायींसाठी घेतलेला जनरेटर, विकायला काढलेली वेस्ट्री, आणि गाण्यासाठी ठेवलेली वही. यातली एकही आपत्तीसाठी म्हणून कोणी तयार केलेली नव्हती.

नंतर

वीज आल्यावर नुकसानभरपाईचे अर्ज निघाले. ठरावीक तास उलटले की ग्राहकाला पैसे मिळतात असा नियम आहे, त्यावर माझी तक्रार नाही. सगळ्यांनी अर्ज केले, ज्यांना इंटरनेट जमत नाही त्यांचे आम्ही भरून दिले.

घरात आम्ही काय बदललं ते सांगते, कारण फोन करणाऱ्यांना तेवढंच हवं असतं. दिवाणखान्यात लाकडाची बंद शेगडी बसवली, जिच्या वर पातेलं ठेवता येतं. तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, ही निवड नव्हे, सक्ती समजा. अंधारात कोळशाची शेगडी किंवा पेट्रोलचा जनरेटर घरात आणून लोक जिवाला मुकतात. बोअरच्या मोटरसाठी इलेक्ट्रिशियनकडून खटका बसवून घेतला, जेणेकरून लहान जनरेटर अंगणात ठेवून पाणी तरी काढता येईल. राउटरला बॅटरी घेतली. तिचा उपयोग अर्धाच, कारण गावातल्या कॅबिनेटची, म्हणजे रस्त्याकडेच्या फोन-इंटरनेटच्या पेटीची, वीज गेली की घरचा राउटर जागा राहूनही बोलायला पलीकडे कोणी नसतं. घर बघायला जाल तेव्हा चिमणी चालू आहे का, हा प्रश्न निसर्गदृश्याच्या आधी विचारा.

गावाच्या पातळीवर वेस्ट्रीचा प्रश्न ग्रामसमितीपुढे आला. विक्री तूर्त थांबली आहे. छतासाठी अनुदानाचा अर्ज गेला आहे आणि बाहेरच्या भिंतीवर जनरेटर जोडायचा सॉकेट बसवायचं ठरलं आहे, म्हणजे खालच्या शेतावरचा ट्रॅक्टर तिथे उभा करता येईल. वहीची दुसरी प्रत निघाली. त्यात कॉयरमध्ये नसलेल्या घरांचीही नावं घालायची का यावर बराच वाद झाला. काहींचं म्हणणं, आमची माहिती वहीत कशाला. विशेषतः जी घरं वर्षातून थोडेच दिवस उघडतात त्यांच्या मालकांचा पत्ताच कोणाकडे नाही, आणि वादळात त्यांच्या टाकीतून रॉकेल गळत असेल तर बघणारं कोणी नाही. विचारून, लेखी होकार घेऊन नावं घालायची असं शेवटी ठरलं.

फोनचं काहीच सुटलेलं नाही. समितीने नियामक संस्थेला लिहिलेल्या पत्राचा मसुदा मी आणि चिटणीस बाईंनी मिळून केला. मागणी एकच आहे: ज्या घरात मोबाइलची रेंज नाही आणि जुना तांब्याच्या तारेचा फोन बंद करायचा आहे, तिथे एका तासाची नव्हे, निदान दोन दिवसांची बॅटरी द्या, आणि गावातल्या कॅबिनेटलाही तेवढीच द्या. तांब्याच्या तारेवरचा जुना फोन जानेवारी २०२७ पर्यंत बंद करायचा असेल तर त्याआधी आणखी हिवाळी वादळं येतील हे धरूनच चालावं लागेल. पत्राला पोच आली आहे, उत्तर यायचं आहे.